पटाबाहेरचे प्रश्न : जोड्या लॅपटॉपवर लावाव्यात की वेबवर?

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. यंदा शाळेचं सुवर्णमहोत्सवी वर्ष, म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आंतरशालेय सांघिक बुद्धिबळ स्पर्धा घ्यायची ठरली आहे. 28 शाळांनी होकार कळवला. प्रत्येक संघात चार खेळाडू आणि एक राखीव, स्विस पद्धतीने (कुणी बाद होत नाही, दर फेरीत साधारण सारख्या गुणांचे संघ समोरासमोर) एका दिवसात पाच फेऱ्या. संगणक कक्षात विंडोजचे सहा जुने संगणक आहेत. इंटरनेट येऊन-जाऊन असतं. आमचा एक माजी विद्यार्थी म्हणतो, काही इन्स्टॉल करत बसू नका, ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर घ्या, पालकांना मोबाइलवर निकाल दिसतील. क्रीडाशिक्षक म्हणतात, सगळे पंच स्विस-मॅनेजर वापरतात, तेच घ्या. मला दोघांचंही पटतं. काय करू?
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर : बाई, दोघांचंही पटतंय यात तुमचं काही चुकलं नाही. विद्यार्थी बोलतोय निकाल दाखवण्याबद्दल आणि क्रीडाशिक्षक बोलतायत जोड्या लावण्याबद्दल, म्हणजे पुढच्या फेरीत कोण कुणाशी खेळणार ते ठरवण्याबद्दल. ही दोन कामं वेगळी. स्पर्धा भरवणारे बहुतेक जण ती एकच समजतात आणि मग रविवारी अकराच्या सुमाराला घाम पुसत बसतात. माझं मत आधीच सांगून टाकते. जोड्या आणि गुण सभागृहातल्या लॅपटॉपवर, नेट नसलं तरी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. नेट मिळेल तेव्हा तेच निकाल वेबवर चढवायचे. का, ते सांगते. थोडं लांबेल.

आधी तुमचा हिशोब मांडू. 28 संघ म्हणजे एका फेरीत 14 सामने, 56 पट. पाच फेऱ्यांत 70 सामने, 280 डाव. (पाच फेऱ्या पुरतात. 32 संघांपर्यंत पाचव्या फेरीअखेर सगळे सामने जिंकलेला संघ एकाहून जास्त उरू शकत नाही. हे तुम्हा गणितवाल्यांना मी काय सांगायचं!) दोन फेऱ्यांमध्ये तुमच्या हातात पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात 14 सामन्यांच्या चिठ्ठ्या गोळा करायच्या, 56 निकाल भरायचे, जोड्या लावायच्या, छापायच्या, भिंतीवर डकवायच्या. यात सॉफ्टवेअरचं स्वतःचं काम अर्ध्या मिनिटाचं. पण ते अर्धं मिनिट अडकलं की राखीव धरून 140 पोरं सभागृहभर पळत सुटतात, आणि ती पुन्हा खाली बसवायला कुठलंच सॉफ्टवेअर मिळत नाही.

मी एकदा हौसेने वेबवरचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. जुलै महिना, कोकणातली एक शाळा, वर पत्रा, 22 संघ. दोन फेऱ्या अशा झाल्या की मी स्वतःवरच खूश. पालक मोबाइल दाखवत होते, "मॅडम, निकाल आला पण!" तिसरी फेरी संपता संपता पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि लाइट गेली. राउटर बंद. मग माझा मोबाइल हॉटस्पॉट म्हणून जोडला. पण एकाच टॉवरवर दोनेकशे पालक, आणि पाऊस म्हणून सगळे आतच. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं. लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती, मी शहाणी होते, पण स्पर्धा लॅपटॉपवर नव्हतीच. ती कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर होती आणि मी तिच्या दाराबाहेर उभी.

वाचवलं ते कागदाने. प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही संघव्यवस्थापकांच्या सह्यांची चिठ्ठी घ्यायची माझी सवय. तीन फेऱ्यांच्या 33 चिठ्ठ्या एका पिशवीत होत्या. जुन्या पंचांसारखं प्रत्येक संघाचं एक कार्ड केलं. त्यावर आतापर्यंतचे प्रतिस्पर्धी, मिळालेले रंग, गुण. गुणांप्रमाणे कार्डांचे गठ्ठे लावले आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये चौथ्या फेरीच्या जोड्या हाताने काढल्या. पन्नास मिनिटं गेली. स्विस पद्धत 1895 साली झुरिकला पहिल्यांदा वापरली गेली तेव्हा सॉफ्टवेअर नव्हतंच. पण त्या पंचांच्या मागे "मॅडम, आमची पाचची एसटी आहे" म्हणत कुणी उभं नसावं.

आता लॅपटॉपवाल्यांनीही फार हसू नये. दुसऱ्या एका स्पर्धेत जेवणाच्या सुट्टीत मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून भाकरी खायला गेले. परत येते तर पडदा निळा, "संगणक बंद करू नका", आणि अपडेट 12 टक्क्यांवर. पेनड्राइव्हवर प्रत होती, पण दुसऱ्या फेरीपर्यंतचीच. तिसरी फेरी दुसऱ्या यंत्रावर चिठ्ठ्यांवरून पुन्हा भरली. त्याहून वाईट प्रकार म्हणजे एका फाईलच्या दोन प्रती होणं. काम लवकर व्हावं म्हणून एका स्पर्धेत मी अर्धे निकाल माझ्या लॅपटॉपवर आणि अर्धे मदतनीस मुलीच्या लॅपटॉपवर भरायला लावले. दोन्ही फाईली एकाच नावाच्या. तिची माझ्यावर चढली आणि माझे सात सामने पुसले गेले. इथे मात्र वेबवाल्यांची बाजू खरी भक्कम: एकच स्पर्धा, चार जण चार कोपऱ्यांतून निकाल भरतात, कुणाचं कुणावर चढत नाही. तुमच्या सभागृहात भरवशाचं नेट असतं तर माझं उत्तर बदललं असतं का? थोडंसं बदललं असतं. पण "येऊन-जाऊन असतं" हे तुम्हीच लिहिलंय.

तेव्हा स्विस-मॅनेजर. ऑस्ट्रियाच्या हाइन्झ हेर्झोग यांनी लिहिलेलं हे विंडोजचं सॉफ्टवेअर. देशांच्या संघांच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडपासून गल्लीतल्या स्पर्धेपर्यंत पंच हेच उघडतात. जोड्या लावायला नेट लागत नाही, आणि नेट असेल तेव्हा तिथूनच निकाल चेस-रिझल्ट्स डॉट कॉमवर चढतात. ती साइटही त्यांचीच. म्हणजे तुमचा विद्यार्थी आणि पालकही खूश आणि पावसातही फेरी निघते. परवाना विकत घ्यावा लागतो. एका दिवसासाठी शाळेने तो घ्यावा असं मला वाटत नाही. बऱ्याच पंचांकडे स्वतःचा परवाना असतो. अशा पंचांना मानधन देऊन त्यांच्या लॅपटॉपसकट बोलवा. तुमचे सहा जुने संगणक तसेच झाकून ठेवा. एखादी शाळा लिनक्सवर असेल तर वेगा नावाचं इटालियन सॉफ्टवेअर तिथे चालतं. पण ते आदल्या रात्री शिकायच्या भानगडीत पडू नका.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, सांघिक स्पर्धेत ते तुम्हाला सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतं आणि घाईत सगळे त्यावर 'ओके' दाबतात. क्रमवारी आधी सामन्याच्या गुणांवर लावायची की पटाच्या गुणांवर? सामना जिंकला तर 2, बरोबरी 1, हरला तर 0 हे सामन्याचे गुण. बरोबरीचा अर्धा धरून चार पटांवर मिळून आलेले अडीच, तीन, दीड, हे पटाचे गुण. समजा, एका संघाने चार सामने अडीच-दीड असे जेमतेम जिंकले आणि पाचवा शून्य-चार असा हरला. सामन्याचे गुण 8, पटाचे 10. दुसऱ्या संघाने तीन सामने चार-शून्य धुऊन काढले आणि दोन दीड-अडीच हरले. सामन्याचे 6, पटाचे 15. आता सांगा, चषक कुणाचा? निकाल तेच, पोरं तीच, आणि एका टिकमार्कने चषक या एसटीतून त्या एसटीत जातो.

यावर जगातही एकमत नव्हतं. ऑलिंपियाडमध्ये 2006 च्या ट्युरिनपर्यंत पटाचे गुण मोजत, 2008 च्या ड्रेस्डेनपासून सामन्याचे गुण आधी आले. 2024 ला बुडापेस्टमध्ये आपल्या दोन्ही संघांनी सुवर्ण जिंकलं त्याचा हिशोबही असाच वाचायचा. खुल्या गटात 11 सामन्यांत 22 पैकी 21 गुण, म्हणजे दहा विजय आणि एक बरोबरी. महिलांचे 19, म्हणजे नऊ विजय, एक बरोबरी, एक हार. आपला नाशिकचा विदित गुजराथी त्या खुल्या संघात होता, आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने तिसऱ्या पटावर वैयक्तिक सुवर्णही घेतलं. पोरांना सभेत सांगा, कान टवकारतील.

माझा कौल सामन्याच्या गुणांना, बरोबरी झाली तर पटाचे गुण. पण तुम्ही उलटं ठरवलंत तरी मी भांडणार नाही. भांडेन ते प्रवेशपत्रिकेवर छापलं नाहीत तर. आणि पहिल्या फेरीच्या जोड्या लावण्याआधी ती सेटिंग दोघांनी मिळून पडद्यावर बघा. एक जण वाचेल, दुसरा पत्रिकेवर बोट ठेवेल.

दुसरी गडबड होते ती संघाच्या क्रमात. यादीत एक ते पाच असा क्रम एकदा दिला की तो दिवसभर तसाच. दोन नंबरचा मुलगा खेळणार नसला तर तिसरा दुसऱ्या पटावर येतो, चौथा तिसऱ्यावर आणि राखीव चौथ्यावर. शिक्षक काय करतात, राखीव पोराला सरळ रिकाम्या खुर्चीत बसवतात, कारण हलवाहलवी नको. मग वीस मिनिटांनी समोरच्या शाळेचे सर येतात आणि "हे नियमात बसतं का?" विचारतात. नाही बसत. आणि रंगही पटावरून ठरतात. आधी नाव असलेल्या संघाला साधारणपणे पहिल्या आणि तिसऱ्या पटावर पांढरी, दुसऱ्या आणि चौथ्यावर काळी. म्हणून फेरी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शाळेकडून 'आज कोण बसणार' ही चिठ्ठी घ्या. वेबच्या बाजूने आणखी एक गोष्ट मान्य करते: काही ठिकाणी संघव्यवस्थापक हे मोबाइलवरूनच भरतात आणि चिठ्ठ्यांचा पसारा वाचतो. पण भरायची वेळ कडक बंद झाली पाहिजे, नाहीतर समोरच्याची यादी बघून आपली बदलणारे महाभाग असतात. शाळांत कमी. कार्यालयांत भरपूर.

आता नावांबद्दल. 28 शाळांत तीन तरी न्यू इंग्लिश स्कूल असतील, पैजेवर सांगते. छापील यादीत संघाच्या नावाचा रकाना अरुंद. तिथे तिन्ही ओळींत 'न्यू इंग्लिश स्कू' एवढंच दिसतं, आणि गावाचं नाव शेवटी म्हणून कापलं जातं. एकदा दोन न्यू इंग्लिश एकमेकींच्या टेबलांवर बसल्या आणि चौथी चाल होईपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही. तेव्हापासून मी गाव आधी लिहिते: 'विटा न्यू इंग्लिश', 'तासगाव न्यू इंग्लिश'. शाळांकडून याद्या मागवतानाही सांगा, युनिकोडमध्ये टाइप करा. कार्यालयात अजून श्रीलिपी हे जुनं मराठी टायपिंग असतं, त्यातली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसते कंस, प्रश्नचिन्हं आणि डॉलर. खेळाडूंची नावं तर इंग्रजीतच मागवा. मराठी बाण्याला धक्का लागतो खरा, पण पुढे कुणाला फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग मिळालं तर तिथे नाव इंग्रजीतच लागणार, आणि ते दोन स्पेलिंगांनी असलं की पोराचा जीव जातो.

मानांकन नसेल तर चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. नाहीतर सॉफ्टवेअर बापडं नावाच्या अक्षरांवर क्रम लावतं आणि 'ए'वरून नाव असलेली शाळा आयुष्यभर पहिली मानांकित.

वेबवर चढवताना एवढं बघा: नाव, शाळा, निकाल पुरेत. प्रवेशअर्जावरची जन्मतारीख आणि पालकांचा मोबाइल नंबर चढवू नका. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षित आहे, तेव्हा अर्जावरच संमतीची एक ओळ आणि सही घ्या. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

शेवटी प्रिंटर. मला कुणी विचारलं, सॉफ्टवेअर की प्रिंटर, एकाचेच पैसे आहेत, तर मी प्रिंटर म्हणेन. जोड्यांच्या तीन प्रती तीन भिंतींवर लावा. एकीवर लावल्या तर 140 पोरं त्या एका कागदावर तुटून पडतात आणि पुढची ओळ फाटते. शनिवारी संध्याकाळी आठ खोटे संघ भरून दोन फेऱ्या काढून बघा. एक संघ मध्येच गैरहजर दाखवा. रविवारी एखादी जीप बंद पडणारच आणि तुमचे 28 चे 27 होणार, मग 'बाय' मिळालेल्या, म्हणजे त्या फेरीत प्रतिस्पर्धीच नसलेल्या, संघाला किती गुण हे तेव्हा शोधत बसू नका. प्रत्येक फेरीनंतर फाईलची प्रत पेनड्राइव्हवर, नावात फेरीचा आकडा घालून. आणि अपडेट थांबवून ठेवा, भाकरी खायला जाण्याआधी.

---

प्रश्न : आमच्या आठ कार्यालयांच्या संघांची साखळी स्पर्धा पुण्यात दर रविवारी वेगवेगळ्या ठिकाणी होते. निकाल दुसऱ्या रविवारपर्यंत कुणालाच कळत नाहीत. तुम्ही लॅपटॉपवाल्या दिसता. आम्हीही तेच करावं का?
– एक संघव्यवस्थापक, पुणे

उत्तर : नाही हो, तुमचं प्रकरण बरोबर उलटं. आठ संघ, सात फेऱ्या, 28 सामने. कोण कुणाशी कधी खेळणार हे बर्गरच्या, म्हणजे साखळीच्या जोड्यांच्या तयार तक्त्यावरून पहिल्याच दिवशी ठरलेलं. निकालावर पुढची जोडी अवलंबून नाही, त्यामुळे नेट तासभर गेलं तरी कुणाचा खोळंबा नाही. शिवाय तुमची माणसं चार ठिकाणी विखुरलेली. एकाच्या लॅपटॉपवर फाईल ठेवलीत तर तो रजेवर गावी गेला की साखळीही गावी गेली. वेबवरच ठेवा. फक्त निकाल एका संघाने भरायचा आणि दुसऱ्याने मान्य करायचा, असं दोन टप्प्यांचं असलेलं सॉफ्टवेअर घ्या. ते नसेल तर सह्या केलेल्या कागदाचा फोटो त्याच रात्री ग्रुपवर. "काल साडेतीन लिहिलं होतं, आज तीन कसं?" हा संवाद मी एका लीगमध्ये पूर्ण महिनाभर ऐकला आहे.

---

प्रश्न : पहिल्याच फेरीत आमच्या मुलीच्या शाळेला सर्वांत बलाढ्य संघ आला. सॉफ्टवेअरमध्ये आयोजक हवी ती जोडी लावू शकतात का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : लावू शकतात, जोड्या हाताने बदलायची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. पण तुमच्या बाबतीत तशी गरजच पडली नसावी. पहिल्या फेरीत मानांकनाच्या यादीचे दोन भाग करतात आणि वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी खेळतो. 28 संघ असतील तर एक विरुद्ध पंधरा. तुमची शाळा पंधरावी होती का, तेवढं यादीत बघा. असली तर आयोजकांवरचा राग सोडा. नसली, तर पंचांकडे जाऊन शांतपणे विचारा, त्यांनी उत्तर दिलंच पाहिजे.

---

प्रश्न : सहा संघांच्या साखळीसाठी एक्सेल पुरेल ना?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : साखळीला पुरेल, स्विसला अजिबात नाही. पण एक्सेलमध्ये एका खणात 3-1 लिहून एन्टर दाबून बघा. त्याची 3 जानेवारी होते. बरोबरीसाठी 1/2 लिहा, 1 फेब्रुवारी. मागच्या वर्षी माझ्याकडे तपासायला आलेल्या एका गुणतक्त्यात अर्धी स्पर्धा जानेवारीत झालेली होती. दोन संघांचे गुण दोन वेगळ्या रकान्यांत लिहा, अर्ध्यासाठी 0.5 वापरा, म्हणजे बेरीजही आपोआप येईल.